एकसंग्रह-व्यवस्थापन साधने

परस्परांशी संबंधित अशा अनेक आज्ञावल्यांची मूळ संहिता एकाच संग्रहात ठेवून त्यांची बांधणी, चाचणी व प्रकाशन सुसूत्रपणे करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या संगणकीय साधनांना ही संज्ञा लावतात. अशा संग्रहास संगणक-व्यवसायात ‘मोनोरेपो’ म्हणतात. संग्रह ही केवळ फायलींची पेटी नव्हे. संहितेत कोणी, केव्हा व कोणता फेरफार केला याचा सलग इतिहास त्यात राहतो. लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली गिट ही प्रणाली हा इतिहास राखण्यासाठी आज सर्वाधिक प्रचारात आहे. म्हणून अनेक आज्ञावल्या एका संग्रहात असणे याचा खरा अर्थ त्या सर्वांना एकच इतिहास असणे, असा होतो. एकसंग्रह आणि एकसंध आज्ञावली या दोन कल्पनांची गल्लत पुष्कळदा होते. एका संग्रहातील आज्ञावल्या स्वतंत्रपणे चालू शकतात व स्वतंत्रपणे प्रकाशितही होऊ शकतात.

गरज : या पद्धतीची गरज एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या लहान नगराच्या नगरपरिषदेने मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवाने व तक्रार-नोंद अशा पाच सेवा संकेतस्थळावर उपलब्ध केल्या आहेत, असे समजू. पाचही सेवांना मराठी मजकुरात शोध घ्यावा लागतो. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा असतो. पण विभक्तिप्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होऊन ‘रहिमतपुरात’, ‘रहिमतपुरास’ अशी रूपे होतात. जुन्या कागदपत्रांत मूळ नावही ऱ्हस्व लिहिलेले सापडते. माणसाच्या डोळ्याला हा भेद जाणवतही नाही. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन भिन्न अक्षरे आहेत. हा भेद ओलांडून शोध घेणारी संहिता पाच ठिकाणी पाच वेळा लिहिण्याऐवजी ती एका सामाईक पॅकेजमध्ये ठेवणे श्रेयस्कर ठरते. पॅकेज म्हणजे नाव, आवृत्तिक्रमांक व अवलंबनांची यादी असलेला संहितेचा सुटा घटक.

आता या सामाईक पॅकेजात एक चूक सापडली व ती दुरुस्त केली, असे धरू. सेवांचे संग्रह वेगवेगळे असतील, तर पॅकेजची नवी आवृत्ती प्रकाशित करून पाचही संग्रहांत ती स्वतंत्रपणे स्वीकारावी लागते. कोठे ती लगेच स्वीकारली जाते, कोठे महिन्याने, तर कोठे कधीच नाही. परिणामी एकाच नागरिकाचे नाव कराच्या नोंदीत सापडते आणि जन्माच्या नोंदीत सापडत नाही; आणि दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते. संग्रह एकच असेल, तर दुरुस्ती आणि तिच्यामुळे पाचही सेवांत करावे लागणारे बदल इतिहासातील एकाच नोंदीत सामावतात. याची किंमतही आहे. एका सेवेची चाचणी अयशस्वी झाली, तरी दुरुस्ती सर्वांसाठीच अडते. शिवाय दर फेरफारानंतर सगळ्यांचीच बांधणी व चाचणी करू गेल्यास वेळ फार जातो. हा वेळ वाचविणे हेच येथे वर्णिलेल्या साधनांचे मुख्य कार्य होय.

सामाईक भाग आधी निश्चित करण्याचे महत्त्व ग्रंथव्यवहारासही अपरिचित नाही. याच जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह हा अठरावा खंड १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या खंडाच्या (१९७६) आधी प्रसिद्ध झाला. शेकडो लेखकांनी एकाच अर्थाचा एकच शब्द वापरावा, तर तो शब्द कोठेतरी एकाच जागी ठरलेला असावा लागतो. मात्र छापील खंडात नंतर शब्द बदलला, तरी आधीचे खंड बदलत नाहीत. एकसंग्रहात ते शक्य होते, आणि म्हणूनच तेथे प्रत्येक बदलाची जबाबदारीही मोठी असते.

पूर्वपीठिका : या पद्धतीचे सर्वांत मोठे ज्ञात उदाहरण गूगल या कंपनीचे आहे. रेचेल पॉटव्हिन व जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार जानेवारी २०१५ मध्ये गूगलच्या एकाच संग्रहात सु. २०० कोटी ओळींची संहिता, ९० लाख मूळ फायली आणि साडेतीन कोटी फेरफारांचा इतिहास होता. त्याचे आकारमान ८६ टेराबाइट होते. एवढा संग्रह गिटला पेलणारा नाही. त्यासाठी कंपनीने पायपर ही स्वतःची प्रणाली उभारली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजची संहिता गिटमध्ये आणली, तेव्हा तिच्यात सु. ३५ लाख फायली होत्या व आकारमान ३०० गीगाबाइट होते. तेथेही गिटला जोड देणारी खास यंत्रणा रचावी लागली. या आकड्यांनी दिपून जाऊन लहान संस्थांनी हा मार्ग पत्करल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वास्तविक या कंपन्यांकडे केवळ संग्रह सांभाळण्यासाठी स्वतंत्र पथके आहेत, ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही.

संकेतस्थळांच्या क्षेत्रात ही पद्धत वेगळ्या वाटेने आली. जावास्क्रिप्ट भाषेतील पॅकेजे एनपीएम या सार्वजनिक कोठारातून घेतली जातात व ती आकाराने फार लहान असतात. बॅबेल या भाषांतरक आज्ञावलीची डझनावारी पॅकेजे वेगवेगळ्या संग्रहांत सांभाळणे अशक्य झाल्याने ती एकत्र आणण्यात आली आणि त्या कामातूनच २०१५ च्या अखेरीस लर्ना हे साधन निर्माण झाले. संग्रहातील पॅकेजे एकमेकांना जोडणे, कोणती बदलली ते ओळखणे आणि त्यांना आवृत्तिक्रमांक देऊन ती प्रकाशित करणे, ही तिन्ही कामे ते करी. सर्व पॅकेजांना एकच क्रमांक किंवा प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक, असे दोन मार्ग त्यात होते व ते आजही आहेत.

जोडणीची साधने : पॅकेजे एकमेकांना जोडण्याचे काम पुढे पॅकेज-व्यवस्थापकांनीच उचलले. यार्नने २०१७ मध्ये ‘वर्कस्पेस’ म्हणजे कार्यक्षेत्राची सोय दिली. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीत (२०२०) ती आली. कोणत्या निर्देशिकांत आपली पॅकेजे आहेत एवढे मुख्य फाइलीत लिहिले, की व्यवस्थापक ती कोठारातून न आणता जागच्या जागी जोडतो. त्यामुळे लर्नामधील जोडणीची आज्ञा निरुपयोगी झाली व सातव्या आवृत्तीत (२०२३) ती वगळण्यात आली.

पीएनपीएम हा तिसरा व्यवस्थापक येथे विशेष उल्लेखनीय आहे. एनपीएम बाहेरून आणलेली पॅकेजे शक्य तितकी संग्रहाच्या मुळाशी एका निर्देशिकेत ठेवतो. परिणामी जे अवलंबन एखाद्या पॅकेजने आपल्या यादीत नोंदविलेलेच नाही, तेही शेजाऱ्याने आणले असल्यामुळे त्यास सापडते. पाणीपट्टीच्या सेवेत नोंदविलेल्या दिनांक-पॅकेजवर दाखल्यांची सेवा नकळत चालत राहते. पाणीपट्टीतून ते काढले, की दाखले बंद पडतात. पीएनपीएम प्रत्येक पॅकेजला त्याने नोंदविलेलीच अवलंबने दाखवितो आणि प्रत्यक्ष फायली संगणकावर एकाच ठिकाणी साठवून इतरत्र त्यांचे केवळ दुवे ठेवतो. त्यामुळे जागाही वाचते. जुना संग्रह या व्यवस्थापकाकडे नेताना आरंभी अनेक चुका उघडकीस येतात व त्याचा त्रास होतो. पण त्या चुका आधीपासूनच तेथे असतात. लहान संग्रहास पुष्कळदा एवढ्यावरच थांबता येते, हे या विषयावरील चर्चेत फारसे सांगितले जात नाही.

कार्यनियोजक व साठवण : मूळ संहितेपासून ब्राउझरमध्ये चालण्याजोगे रूप तयार करण्यास बांधणी म्हणतात. कोणती बांधणी कोणत्या बांधणीनंतर करावयाची, हे पॅकेजांच्या अवलंबनांवरून ठरते. ही अवलंबने बाणांनी दाखविल्यास एक आलेख मिळतो. टर्बोरेपो, एनएक्स, बेझल आदी सर्व साधने या आलेखावर काम करतात. वरील उदाहरणात सामाईक पॅकेज व पाच सेवा मिळून सहा घटक आहेत. प्रत्येकाच्या बांधणीस दोन मिनिटे लागत असतील, तर एकामागून एक करताना बारा मिनिटे जातात. आधी सामाईक पॅकेज व नंतर पाचही सेवा एकाच वेळी बांधल्यास चार मिनिटे पुरतात. बदल केवळ पाणीपट्टीच्या सेवेत झाला असेल आणि बाकीच्यांची आधीची फलिते जपून ठेवली असतील, तर दोनच मिनिटे लागतात. बदल सामाईक पॅकेजात झाला, तर मात्र पुन्हा चार मिनिटे लागतात. तेथे साठवणीचा काहीच उपयोग होत नाही. ज्या संग्रहात पायाभूत भागच रोज बदलतो, त्यास या साधनांच्या वेगाचा लाभ फारसा होत नाही, याचे कारण हेच होय.

फलित जपून ठेवण्याची रीत अशी : एखाद्या कार्याला लागणाऱ्या सर्व गोष्टी, म्हणजे मूळ फायली, अवलंबनांच्या आवृत्त्या, वापरलेली आज्ञा व परिस्थितिदर्शक चले, एकत्र करून त्यांवरून गणिती रीतीने एक संक्षिप्त ठसा काढतात. त्यास हॅश म्हणतात. पुढच्या वेळी तोच ठसा आला, तर काम पुन्हा न करता साठविलेले फलित उचलतात. ही साठवण सर्व्हरवर ठेवल्यास एकाने केलेली बांधणी दुसऱ्यासही उपयोगी पडते.

या युक्तीचे सारे यश ‘सर्व गोष्टी’ या दोन शब्दांवर अवलंबून आहे. कराचा दर संग्रहाबाहेरील एखाद्या फाइलीतून बांधणीच्या वेळी वाचला जात असेल आणि ती फाइल ठशात धरली नसेल, तर दर बदलूनही ठसा तोच राहतो. साधन जुनेच फलित क्षणार्धात पुढे करते, चाचण्या उत्तीर्ण झाल्याचे दाखविते आणि नागरिकाला जुन्या दराचे देयक जाते. मंद बांधणीने काम अडते खरे. परंतु चुकीच्या साठवणीने काम झाल्याचा भास होतो, आणि तो दोष शोधणे कितीतरी अवघड असते. साधनांची तुलना वेगावरून करण्याचा प्रघात पडला आहे. तथापि अवलंबनांची माहिती साधनाला कोठून मिळते व ती अपुरी असल्यास ते काय करते, या दोन प्रश्नांवरून केलेली तुलना अधिक उपयुक्त ठरते.

प्रमुख साधने : टर्बोरेपो हे जॅरेड पामर यांनी निर्माण केलेले साधन डिसेंबर २०२१ मध्ये व्हर्सेल या कंपनीने घेतले. आरंभी ते गो भाषेत होते. पुढे रस्ट भाषेत नव्याने लिहिण्यात आले. पॅकेजांच्या याद्यांवरून ते आलेख बनविते. विकासकाने एका लहान फाइलीत कार्यांचा क्रम व फलितांच्या जागा सांगाव्या लागतात. असलेल्या संग्रहात ते एका दिवसात बसविता येते, हा त्याचा मोठा गुण. मात्र यादीत नसलेले अवलंबन त्याला दिसत नाही. म्हणून पीएनपीएमसारख्या काटेकोर व्यवस्थापकाबरोबर ते अधिक विश्वसनीय ठरते. दुसऱ्या आवृत्तीपासून (२०२४) न सांगितलेली परिस्थितिदर्शक चले कार्यापासून लपविण्याची शिस्त त्यात मूलतः लागू झाली, ती वर वर्णिलेल्या दोषावरचाच उपाय आहे.

एनएक्स हे साधन गूगलच्या अँग्युलर पथकात काम केलेल्या जेफ क्रॉस व व्हिक्टर सॅव्हकिन यांच्या नरव्हल या संस्थेतून आले. पॅकेजांच्या यादीबरोबरच ते प्रत्यक्ष संहिताही वाचते व कोणती फाइल कोणत्या फाइलीचा उपयोग करते यावरून आलेख तयार करते. त्यामुळे एखाद्या फेरफाराने बाधित झालेले घटक ते अधिक नेमकेपणाने वेगळे काढते. घटकांवर खुणा लावून ‘दाखल्यांच्या सेवेने कराच्या सेवेची अंतर्गत संहिता वापरू नये’ असे निर्बंधही घालता येतात. एका संग्रहात सर्वांना सर्व काही हाताशी असल्याने असे निर्बंध नसतील तर दोन-तीन वर्षांत घटकांच्या सीमा पुसट होतात. या दृष्टीने ही सोय वेगापेक्षाही मोलाची आहे. उलटपक्षी एनएक्स आत्मसात करण्यास वेळ लागतो आणि त्याच्या जोडण्या वापरू लागल्यावर संग्रहाची घडण त्याच्याच वळणावर जाते.

मायक्रोसॉफ्टच्या रशचा भर शिस्तीवर आहे. एकाच बाह्य पॅकेजच्या निरनिराळ्या आवृत्त्या संग्रहात शिरू न देणे, प्रत्येक फेरफारासोबत त्याच्या परिणामाची लेखी नोंद मागणे, अशा गोष्टी त्यात आहेत. अनेक पथके आणि बरीच प्रकाशित पॅकेजे असतील तेथे ते शोभते.

बेझल हे गूगलच्या ब्लेझ या अंतर्गत साधनाचे २०१५ मध्ये खुले केलेले रूप असून त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१९ मध्ये आली. प्रत्येक घटकाची अवलंबने स्वतंत्र फाइलीत स्पष्टपणे लिहावी लागतात आणि बांधणी बंदिस्त जागेत होते. जे लिहिले नाही ते तेथे सहसा उपलब्धच होत नाही. त्यामुळे चूक लपण्याऐवजी बांधणीच अयशस्वी होते. जावा, गो, सी++ अशा अनेक भाषा एकत्र असलेल्या संग्रहास ते योग्य आहे. केवळ जावास्क्रिप्टच्या संग्रहात मात्र ते लिहिण्या-सांभाळण्याचा भार लाभापेक्षा अधिक होतो. कुबरनेटीस या गो भाषेतील मोठ्या प्रकल्पानेसुद्धा दोन बांधणीपद्धती समांतर चालविण्याचा भार टाळण्यासाठी २०२१ मध्ये बेझल वगळले.

साधन कोण सांभाळतो, हा विचार निवडीत बहुधा शेवटी येतो. तो आधी यावयास हवा. लर्ना जगभर वापरात असतानाच त्याची देखभाल जवळजवळ थांबली होती. मे २०२२ मध्ये नरव्हलने ती स्वीकारली व त्यानंतर लर्ना आतून एनएक्सच्याच आधारे चालू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द एनएक्सच्या काही दूषित आवृत्त्या हल्लेखोरांनी एनपीएमवर प्रकाशित केल्या व त्यांद्वारे विकासकांच्या संगणकांवरील गुप्त परवले चोरले. त्या आवृत्त्या काही तासांतच काढून टाकण्यात आल्या. साऱ्या संहितेवर एकाच साधनाचा हात फिरत असल्यामुळे त्याची सुरक्षितता ही साऱ्या संग्रहाची सुरक्षितता होते.

महाराष्ट्रातील उदाहरण : मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेने याच प्रश्नावर उलट दिशेने उत्तर शोधले आहे व ते अभ्यासनीय आहे. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेची ईआरपीनेक्स्ट ही लेखांकन, साठा, खरेदी-विक्री व उत्पादन यांची मुक्त संगणकप्रणाली आहे. तिची पायाभूत चौकट फ्रॅपे याच नावाने ओळखली जाते व तिचा संग्रह वेगळा आहे. ईआरपीनेक्स्टच्या संग्रहात मात्र कालांतराने कर्मचारी-वेतन, रुग्णालय, शिक्षण, शेती, भारतीय करनियम असे अनेक विभाग गोळा झाले. चौदाव्या आवृत्तीत (२०२२) यांतील बरेच विभाग बाहेर काढून त्यांचे स्वतंत्र संग्रह करण्यात आले. वेतनविषयक भाग ‘फ्रॅपे एचआर’ झाला. वस्तू व सेवा कराचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या जोडणीत गेला व तिची देखभाल प्रामुख्याने रेझिलियंट टेक ही दुसरी संस्था करू लागली.

यामागील तर्क सरळ आहे. करनियम संगणकप्रणालीच्या वेळापत्रकाने बदलत नाहीत. वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. त्या दिवशी करविषयक संहिता तयार असणे आवश्यक होते, पण त्यासाठी साठा किंवा उत्पादन या विभागांची नवी आवृत्ती येण्याचे कारण नव्हते. जे भाग वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या हातांनी बदलतात, त्यांना एक इतिहास देण्याचा आग्रह धरू नये.

परंतु संग्रह वेगळे केल्याने संबंध तुटत नाहीत. वेतनाची रक्कम अखेर हिशेबाच्या वहीतच जाते. हे संबंध सांभाळण्यासाठी फ्रॅपेचे ‘बेंच’ हे साधन आहे. बेंच एका निर्देशिकेत सर्व आज्ञावल्यांचे संग्रह शेजारीशेजारी मांडते, त्यांना पायथन भाषेचे एकच सामाईक वातावरण देते, आणि एका आज्ञेसरशी सर्वांच्या नव्या आवृत्त्या आणून अवलंबने बसविते, बांधणी करते व विदागारांत आवश्यक ते बदल घडविते. कोणत्या आज्ञावलीस कोणती दुसरी आज्ञावली लागते, हे त्या आज्ञावलीतच नोंदविलेले असते. म्हणजे वापरकर्त्याच्या सर्व्हरवर एकसंग्रहासारखी स्थिती येते. विकासकाकडे मात्र इतिहास अनेक राहतात. या व्यवस्थेचा कच्चा दुवा आवृत्तींचा मेळ हा आहे. तो राखण्यासाठी निरनिराळ्या संग्रहांतील शाखांना ‘आवृत्ती १४’, ‘आवृत्ती १५’ अशी जुळती नावे देण्याचा संकेत पाळला जातो. संकेत पाळणे माणसांवर सोपविलेले असते. एकसंग्रहात तेच काम रचनेनेच होते. तेराव्या आवृत्तीवरून चौदाव्या आवृत्तीकडे जाणाऱ्यास वेतनपत्रके चालू ठेवण्यासाठी नवी जोडणी आठवणीने बसवावी लागली, हा त्याच फरकाचा परिणाम होय.

निवड व स्थलांतर : दोन घटक एकाच कामासाठी वारंवार एकत्र बदलत असतील, तर ते एका संग्रहात असावेत, तसे नसेल, तर साधन कितीही वेगवान असले तरी एकत्रीकरणाचा लाभ होत नाही. हे ठरविण्यासाठी तर्काची गरज नाही. जुन्या संग्रहांचा वर्षभराचा इतिहास चाळल्यास ते दिसून येते. आणखी एक अडचण शासकीय कामांत विशेषतः जाणवते. गिटमध्ये संग्रहाचा केवळ काही भागच वाचण्याची परवानगी देण्याची सोय नाही. एका सेवेचे काम बाहेरच्या कंत्राटदारास दिले, तर पाचही सेवांची संहिता त्याच्यापुढे उघडी होते. फेरफारास कोणाची संमती लागेल हे संग्रह-सेवांवर ठरविता येते, वाचनास मात्र तसा अटकाव घालता येत नाही. अशा वेळी कंत्राटदाराची सेवा बाहेर ठेवून तिला सामाईक पॅकेज प्रकाशित आवृत्तीच्या रूपाने देणे, हा मध्यममार्ग अवलंबितात.

संग्रह एकत्र आणताना फायली नुसत्या उचलून नव्या जागी ठेवल्या, तर त्यांचा आधीचा इतिहास नव्या संग्रहात येत नाही. गिटच्या साहाय्याने प्रत्येक जुना संग्रह त्याच्या इतिहासासह नव्या संग्रहाच्या उपनिर्देशिकेत आणता येतो. यास थोडा अधिक वेळ लागतो. परंतु पाच वर्षांपूर्वी एखाद्या विकासकाने ‘पुर’ आणि ‘पूर’ एकच मानण्याची ओळ का घातली व नंतर दुसऱ्याने ती का काढली, याचे उत्तर त्या इतिहासाखेरीज अन्यत्र कोठेही लिहिलेले नसते.